बिनहवेचा टायर आणि भाच्याची जीप

गेल्या पंधरवड्यात माझा भाचा घरी आला होता. जीप अंगणात लावून तो आत चहाला बसला आणि मी सवयीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारली. मागचे दोन्ही टायर पाहिले आणि चहा तसाच राहिला. मधल्या नक्षीच्या खाचा जवळजवळ सपाट झालेल्या, एका टायरच्या बगलेला बारीक चिरा. याच जीपमधून तो बहिणीला दवाखान्यात नेतो, हंगामात भाजीची क्रेट नेतो आणि लग्नसराईत निम्म्या भावकीची पोरेबाळे.

मी म्हटले, "अरे, हे टायर बदलायचे कधी?"

तो म्हणाला, "मामा, आता कशाला पैसे घालायचे? बिनहवेचे टायर येणार आहेत. मी मोबाईलवर पाहिलंय. खिळ्यांवरून गाडी घालतात, काही होत नाही. थोडं थांबलो तर एकदम तेच बसवू."

शेजारचे अण्णा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "येणार काय? माझ्या मोटारसायकलला बिनहवेचाच आहे की!" अण्णांच्या गाडीला आहे तो ट्यूबलेस. आपल्याकडे हा घोटाळा फार जणांचा होतो. ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते, हवा असतेच. टायर लोखंडी रिमला घट्ट बसतो आणि हवा थेट त्या दोहोंच्या मध्ये कोंडलेली असते. काटा घुसला तरी हवा भसकन जात नाही, हळूहळू जाते. म्हणून तो सोयीचा. भाचा म्हणत होता ती वस्तू निराळी. तिच्यात हवाच नाही, हवा भरायचा व्हॉल्व्हही नाही. आज त्याच वस्तूबद्दल लिहायचे आहे, कारण भाच्यासारखे थांबलेले आणखीही कोणी असतील.

खरे म्हणजे बिनहवेचे चाक आपल्याला नवे नाही. आमच्या लहानपणी लोहाराच्या भात्यापुढे गोवऱ्यांचा जाळ करून लोखंडी धाव लाल करीत आणि सांडशीने उचलून लाकडी चाकावर चढवीत. वर पाणी ओतले की चर्रर्र आवाज होऊन धाव आवळत असे आणि आरे तुंब्यात घट्ट बसत. ते चाक बाभळीच्या काट्यावरून गेले काय आणि काचेवरून गेले काय, त्याला पंक्चर म्हणून माहीत नव्हते. पण त्या गाडीतून तालुक्याला जाऊन आलेल्या माणसाची कंबर दोन दिवस धरलेली असे. बैलांच्या मानेची अवस्था तर बैलच जाणोत. पंक्चर नको म्हटले तर हादरे घ्या, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

या हादऱ्यांवर हवेचा उतारा प्रथम शोधला तो रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने. १८४५ साली त्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि लंडनच्या एका बागेत घोडागाडीला ती चाके लावून लोकांना दाखवली. पण तेव्हा रबर महाग आणि मोटारींचा पत्ता नाही, त्यामुळे ती कल्पना निजून राहिली. गंमत अशी की, पुढे याच थॉमसनने वाफेवर चालणारी रस्त्यावरची इंजिने बनवली, तेव्हा त्यांच्या जड चाकांना त्याने भरीव रबराचे जाड पट्टे बसवले. त्याच्या पद्धतीची काही इंजिने १८७० नंतर हिंदुस्थानात, पंजाबच्या रस्त्यांवर, आणलीही गेली होती. म्हणजे हवेचा टायर शोधणाराच जड आणि सावकाश चालणाऱ्या यंत्रासाठी हवा सोडून भरीव रबराकडे वळला होता. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

१८८८ साली बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर पुन्हा शोधला. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार धडधडते म्हणून त्यांनी रबराची नळी करून तीत हवा भरली आणि ती चाकाला गुंडाळली. ही युक्ती पूर्वीच कोणीतरी केली होती हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यापायी पुढे त्यांचे पेटंटही टिकले नाही. नाव मात्र टिकले. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला कित्येक गावांत डनलॉपच म्हणू लागले. ट्रॅक्टरला तर हवेचा टायर बराच उशिरा मिळाला. अमेरिकेत १९३२ साली अलिस-चामर्स कंपनीने तो विकायला आणला. त्याआधीचे ट्रॅक्टर दातेरी लोखंडी चाकांवर चालत. ते शेतात कसेबसे चालत, रस्त्यावर आणण्याची सोय नव्हती.

आता ही हवा करते तरी काय, ते पाहू. माणसे बसलेली गाडी दीड हजार किलोची धरा. एकेका चाकावर पावणेचारशे किलो आले. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल तर जमिनीला टेकलेला रबराचा भाग साधारण आपल्या पसरलेल्या पंजाएवढा होतो. चार पंजांवर सगळे कुटुंब आणि सगळी गाडी! दगड आला की तेवढा भाग आत दबतो, हवा तो धक्का टायरभर वाटून घेते आणि दगड मागे पडला की टायर पूर्ववत होतो. हे काम करणारी आतली हवा वजनाला पावशेरही भरत नाही. ती झिजत नाही, गंजत नाही, कॉम्प्रेसरवाल्याला दहा-वीस रुपये दिले की ताजी मिळते. शिवाय ती कमीजास्त करता येते. ओझे वाढले की वाढवायची, उतरले की कमी करायची. इतकी हलकी, स्वस्त आणि हवी तशी बदलता येणारी स्प्रिंग अजून कोणी बनवलेली नाही. तिचा दोष एकच. एक काटा लागला की ती निघून जाते.

म्हणून तिच्याशिवाय चालेल असे चाक करण्याची धडपड चालू आहे. भाच्याने पाहिले ते चाक बाजूने सताड उघडे दिसते. मध्ये धातूचा तुंबा, बाहेर रबराचा पट्टा आणि दोहोंना जोडणाऱ्या बऱ्याचशा पातळ, वाकणाऱ्या पट्ट्या. बैलगाडीचे आरे आणि या पट्ट्या यांच्यात एक मोठा फरक आहे. बैलगाडीचे खालचे आरे ओझ्याखाली उभे राहून भार पेलतात. नव्या चाकातल्या पट्ट्या सायकलच्या तारांसारखे काम करतात. सायकलचे चाक तारांवर उभे नसते, ते ताणलेल्या तारांना टांगलेले असते. तसाच या चाकाचा तुंबा वरच्या पट्ट्यांना टांगला जातो आणि खालच्या पट्ट्या मोकळ्या राहून खड्डा-दगड पोटात घेतात. काही जणांनी पट्ट्यांऐवजी मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे केली आहेत. ती अमेरिकेत सैन्याच्या वाहनांसाठी तपासली गेली.

चंद्रावरही असेच चाक गेले होते. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेच्या अंतराळवीरांनी जी गाडी चंद्रावर चालवली तिची चाके जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा विणून केलेली होती. हवा नाही, रबर नाही. पण ती गाडी हळू चालणारी, आणि तिथे वजन भरते पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढे. तिथे जमले म्हणून कोल्हापूर–पुणे रस्त्यावर जमेल असे नाही.

मोटारीसाठी सर्वांत पुढे गेली आहे ती फ्रान्सची मिशेलिन कंपनी. २००५ साली तिने तुंबा आणि टायर एकत्र केलेले 'ट्वील' नावाचे चाक जगाला दाखवले. ते आज अमेरिकेत विकलेही जाते, पण कशासाठी? गवत कापायच्या यंत्रांना, बांधकामावरच्या छोट्या लोडरना, माळरानात फिरवायच्या लहान गाड्यांना. यांपैकी कोणतीही गाडी ताशी ऐंशी-शंभरने पळत नाही. सुरुवातीच्या ट्वीलला वेगात गेले की कंप सुटत असे आणि आवाज येत असे. थॉमसनची भरीव रबरी चाके आठवा. दीडशे वर्षांनीही बिनहवेच्या चाकाची गाठ पहिल्यांदा पडली ती जड किंवा मंद यंत्राशीच. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टना तर भरीव टायर कधीपासून आहेत. तिथे पत्र्याचे तुकडे, खिळे पडलेले असतात आणि हादऱ्यांची फिकीर कोणाला नसते.

२०१९ साली त्याच कंपनीने अमेरिकेच्या जनरल मोटर्सबरोबर 'अप्टिस' नावाचे मोटारीचे चाक जाहीर केले आणि २०२४ पर्यंत ते मोटारींवर आणण्याचा मनोदय सांगितला. २०२३ मध्ये सिंगापूरला पार्सल पोचवणाऱ्या व्हॅनना ती चाके लावली, पुढे फ्रान्सच्या टपाल खात्याच्या गाड्यांवर ती गेली. ही निवड फार बोलकी आहे. टपालाची गाडी रोज ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या ओझ्याने आणि बेताच्या वेगाने जाते, आणि संध्याकाळी कंपनीच्याच फाटकात परत येते. काही बिघडले तर पाहणारा माणूस तिथे हजर. २०२४ साल येऊन गेले. दुकानात जाऊन आपल्या गाडीसाठी चार बिनहवेची चाके द्या म्हणावे आणि दुकानदाराने काढून द्यावीत, असा दिवस मात्र आलेला नाही.

मी या चाकाची टिंगल करतो आहे असे समजू नका. त्याचा फायदा खरा आहे. कंपनीचा अंदाज असा की, पंक्चर, फुटणे आणि हवा कमीजास्त राहून वेडेवाकडे झिजणे यांपायी जगात दरवर्षी वीस कोटी टायर मुदतीआधीच टाकून द्यावे लागतात. तेवढे रबर वाचले तर कोणाला नको आहे? आणि रात्री दहा वाजता, पावसात, गाडीत आजारी माणूस असताना स्टेपनी बदलण्याची पाळी ज्याच्यावर आली आहे त्याला या चाकाची थोरवी सांगायला नको. माझ्यावर ती आली आहे. घाटाखाली चाक बसले, जॅक चिखलात रुतत होता आणि स्टेपनी काढून पाहतो तर तीही बसलेली! सहा महिने तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच. त्या रात्री कोणी बिनहवेचे चाक दिले असते तर मी मागेल ती किंमत मोजली असती.

मग अडते कुठे? पहिली अडचण तापण्याची. ताशी शंभरने जाताना मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे चौदा फेरे घेते. म्हणजे प्रत्येक पट्टी सेकंदाला चौदा वेळा सैल होते आणि चौदा वेळा ताणते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की बोटाला गरम लागते, तसेच हे. उष्णता म्हणजे वाया गेलेले डिझेल, आणि वर पट्ट्यांचे आयुष्यही कमी. या पट्ट्यांसाठी काचेचे धागे घातलेले मजबूत राळेसारखे द्रव्य वापरावे लागते. ते साध्या रबराच्या भावात मिळत नाही.

दुसरी अडचण अशी की, हवेसारखी मऊ-कडक करण्याची सोय या चाकात नाही. कारखान्यातून जशी आली तशीच ती शेवटपर्यंत राहणार. एकटा माणूस बसला तरी तीच, आणि आठ माणसे व दोन पोती गहू टाकला तरी तीच. आपल्या गाड्या कागदावर लिहिलेल्या ओझ्याने कधी चालतात?

तिसरी गोष्ट परदेशच्या चकचकीत चित्रांत दिसत नाही. उघड्या पट्ट्यांच्या मधे काळ्या रानातला चिकट चिखल भरला तर? आपल्या पावसाळ्यातला तो चिखल चपलेला लागला तर चपलेचे वजन शेरभर वाढते. तो पट्ट्यांत बसून वाळला की चाकाचा तोल जाणार आणि वेगात गाडी थरथरणार. दगड अडकला तर तोही आतच फिरत राहणार. बाजू झाकायचा उपाय आहे, पण मग आणखी एक भाग वाढला.

आणि दुरुस्तीचे काय? आज टायरला भोक पडले तर फाट्यावरचा पोरगा पंधरा मिनिटांत काम करून देतो. नक्षी झिजली तर मोठे टायर रिमोल्ड करून घेता येतात. बिनहवेच्या चाकात तुंबा, पट्ट्या आणि रबर एकजीव असतात. पट्ट्या तुटल्या तर ते चाक फाट्यावरच्या पोराच्या हातचे राहिले नाही. वरचे रबर नव्याने चढवायच्या युक्त्यांवर काम चालू आहे, पण ते यंत्र आपल्या तालुक्याच्या गावी केव्हा येईल, याचा विचार आपला आपण करावा.

ट्रॅक्टरविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत मोटार नसली तरी ट्रॅक्टर आहे. शेतात हवा कमी ठेवली की टायर पसरतो, ओझे जास्त जागेवर वाटले जाते, पकड वाढते आणि जमीन कमी दडपते. दडपलेल्या जमिनीत मुळे खाली जात नाहीत आणि पाणी मुरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर ट्रॉली ओढताना तीच हवा वाढवावी लागते. दोन्ही आकडे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका बहुतेक घरांत देवळीत धूळ खात असते, ती काढा. आणखी एक. नांगरटीच्या वेळी मागच्या मोठ्या टायरांत पाणी भरून आपण वजन वाढवतो. टायर पोकळ आहे म्हणूनच हे जमते. बिनहवेच्या चाकात पाणी भरणार कुठे? तेव्हा मोटारीला हे चाक आले तरी नांगराच्या ट्रॅक्टरला हवेचा टायर सोडवणार नाही, असे माझे मत आहे. लहान यंत्रांचे तसे नाही. काट्याकुट्यांतून फिरणारी हातगाडी किंवा फवारणीचा छोटा गाडा यांना बिनहवेचे चाक खुशाल बसवावे. तिथे ते शोभते.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो हुशार आहे, पण हट्टी. म्हणाला, "मामा, तरी वर्षभर थांबलो तर काय बिघडतं? उन्हाळ्यात मी हवा कमी ठेवतो. टायर फुटायची भीती नको म्हणून."

इथे मात्र मी आवाज चढवला. हा गैरसमज घरोघरी आहे आणि तो जीवघेणा आहे. उन्हाने हवा प्रसरण पावते हे खरे, पण टायर बनवताना तेवढा वाव धरलेला असतो. हवा कमी असली की टायरच्या बगला प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, जास्त वाकल्या की जास्त तापतात, आणि असा तापलेला टायर लांबच्या सरळ रस्त्यावर वेगात फुटतो. झिजलेला आणि चिरा पडलेला टायर असेल तर विचारूच नका. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. तिथे टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याला वाहने थांबवून टायर तपासायला सुरुवात करावी लागली. गावच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळिसाने जाताना जो टायर निभावून नेतो, तोच तासन् तास शंभरच्या वर पळवला की दगा देतो.

म्हणून सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर गार असताना हवा तपासावी. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीही तपासावी, माझी गोष्ट आठवून. टायरच्या मुख्य खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. मोटारीला कायद्याची मर्यादा तीच. बगलेवर चार आकडे एका चौकटीत असतात. समजा २३१९ असे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानदार 'नवाच आहे' म्हणून जुना पडून राहिलेला माल देत नाही ना, ते यावरून कळते. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा. पुष्कळ जण पुढे बसवतात, पण ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरले तर गाडी सावरत नाही.

भाच्याने जीपचे आकडे माझ्यादेखत वाचले. मागचे टायर नऊ वर्षांचे निघाले. तो काही बोलला नाही. बहीण ओसरीतून ऐकत होती. ती म्हणाली, "मग मला परवा दवाखान्यात नेतोस ते याच टायरांवर का रे?"

परवाच्या ऐवजी ती दोघे चार दिवसांनी गेली, एस. टी.ने. आठवड्याच्या बाजारी तुरीचे पैसे आले तेव्हा मागचे दोन टायर नवे झाले. पुढचे दिवाळीपर्यंत चालतील असे मी पाहून सांगितले आहे. जुन्यांपैकी एकात बहिणीने कोथिंबीर लावली आहे. चिरा पडलेला होता तो मी मुद्दाम कापून टाकला, नाहीतर कोणीतरी तो ट्रॉलीला बसवला असता.

ट्रॉलीवरून आठवले. ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्यांविषयी आणि चकाकणाऱ्या पट्ट्यांविषयी बऱ्याच वाचकांनी विचारले आहे. उसाचा हंगाम तोंडावर आहे, तेव्हा पुढच्या खेपेला तेच घेऊ.